गावडे मॅडमचा पांढरा

तुर्भ्याच्या छापखान्यात नोकरीला लागलो त्या दिवशी मी लाल चौकड्यांचा नवा शर्ट घातला होता. पहिला दिवस म्हणून आईनं मुद्दाम घेतलेला. आर्टवर्क विभागात दाखवलेल्या खुर्चीवर बसतो न बसतो तोच मागून आवाज आला, "लग्न कुणाचं आहे?"

वळून पाहिलं. पन्नाशीच्या बाई. करडी सुती साडी, करडाच ब्लाउज, चष्म्याची फ्रेमसुद्धा करडी. अंगावर रंग म्हणाल तर कपाळावरची टिकली, तीही नाइलाजानं लावल्यासारखी.

"लग्न? नाही, कुणाचं नाही मॅडम. शर्ट आईनं घेतलाय."

"मग हे तोरण कशाला बांधून आलात? समोर बघा. स्क्रीनमध्ये काय दिसतंय?"

स्क्रीन अजून बंद होती. "मी दिसतोय."

"तुम्ही नाही, तुमचा शर्ट दिसतोय. आता त्याचा लाल उजेड स्क्रीनवर पडणार, त्यातून तुम्ही आमचे रंग ठरवणार, आणि मग आपण सगळे मिळून क्लायंटला सांगणार की कदमांच्या आईला लाल आवडतो. उद्यापासून करडा नाहीतर काळा. हौस रविवारी."

या सुषमा गावडे. आमच्या रंगविभागाच्या प्रमुख. आमचा छापखाना खोक्यांचा. साबणाची, बिस्किटांची, औषधांची, म्हणजे माणसं फोडून कचऱ्यात टाकतात ती सगळी खोकी आम्ही छापतो. ती टाकण्यापूर्वी त्यांच्यावरचा रंग बरोबर असावा, यासाठी गावडे मॅडमनी आयुष्याची सत्तावीस वर्षं दिली होती. याबद्दल त्यांना कोणी पुरस्कार दिला नाही. दिला असता तर त्याच्या कागदाचा पांढरा चुकीचा आहे म्हणून त्यांनी तो परत केला असता.

पांढऱ्यात प्रकार असतात हे मला तिथे कळलं. पांढरा अंशात मोजतात, तापासारखा, फक्त आकडे हजारांत. आकडा कमी झाला की पांढरा पिवळ्याकडे झुकतो, वाढला की निळ्याकडे. कारखान्यातून खोक्यात बंद होऊन येणारा जवळपास प्रत्येक मॉनिटर निळा असतो, दुकानात शेजारच्यापेक्षा झळाळून दिसावा म्हणून. मॅडम त्याला "नीळ जास्त झालेलं धोतर" म्हणायच्या. असा मॉनिटर टेबलावर आला की त्याची शुद्धी व्हायची. आधी अर्धा तास नुसता चालू ठेवून तो तापवायचा. मग ट्यूबलाइट बंद, पडदे बंद, आणि मॅडम कपाटातून चष्म्याच्या जुन्या डबीत जपून ठेवलेलं एक छोटं काळं यंत्र काढायच्या. ते स्क्रीनच्या मधोमध चिकटून बसायचं, म्हणून आम्ही त्याला बेडूक म्हणायचो. बेडकाखाली स्क्रीन लाल, हिरवी, निळी, मग करड्याच्या नाना छटांची होत जायची, बेडूक मोजायचा, आणि कॉम्प्युटर त्या मॉनिटरच्या खोडींची एक फाइल बनवायचा. हा मॉनिटर किती आणि कुठे खोटं बोलतो याचा दाखला. त्या दाखल्यावरून त्याचे रंग सरळ केले जायचे.

दर पंधरा दिवसांनी, चारही मॉनिटरना. तेवढा वेळ शेजारून चालायचंसुद्धा नाही. आम्ही या विधीचे फार भक्त होतो, कारण तो चालू असताना खाली टपरीवर चहा प्यायला अधिकृत परवानगी होती.

परत यावं तर स्क्रीन पिवळट दिसायची. नवा आलेला प्रत्येक जण एकदा तरी म्हणायचा, "मॅडम, बिघडली वाटतं." त्यावर मॅडमचं उत्तर ठरलेलं होतं. "डोळा लाचखाऊ असतो. रोज जे दाखवाल त्याला पांढरं म्हणतो. त्याला काही विचारायचं नाही. आकड्याला विचारायचं."

एकदा एका मोठ्या बिस्किट कंपनीचा ब्रँड मॅनेजर आला. वय अठ्ठावीस, हुद्दा नावापेक्षा लांब. आमच्या स्क्रीनवर त्याचं खोकं पाहून म्हणाला, "दुधाचा ग्लास डल वाटतोय. माझ्या मोबाइलवर एकदम फ्रेश आहे. तसं करा ना."

प्रॉडक्शन मॅनेजर नाडकर्णी लगेच म्हणाले, "करू की सर." नाडकर्णी कशालाही करू की म्हणायचे. करायचं दुसऱ्यांनी असल्यामुळे त्यांना ते परवडायचं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सगळ्यांनी आपापले मोबाइल टेबलावर ठेवा." पाच मोबाइल आले. त्यांनी पाचही मोबाइलवर एकच कोरं पान उघडायला लावलं आणि ते ओळीनं मांडले. एक निळा, एक हिरवट, एक गुलाबीकडे गेलेला, नाडकर्णींचा तर चहात पडून निघाल्यासारखा.

"यातलं कुठलं दूध छापू?" मॅडमनी विचारलं. "आणि बिस्किटाच्या पुड्यासोबत तुमचा मोबाइल फुकट देणार असाल तर तसं सांगा. त्यावरचंच छापते."

ग्लास डलच छापला गेला. दुकानात तो दुधासारखा दिसला, पण तसं कळवायला ब्रँड मॅनेजर परत आला नाही.

माणसांवर प्रेम करण्याची त्यांची पद्धतही याच जातीची होती. माझ्या मुलीच्या बारशाला त्या सीवूड्सहून आमच्या घरी आल्या. बाळाला बघितलं, "चांगली आहे" असा निकाल दिला, हातात अंगडं-टोपडं ठेवलं. करडं नव्हतं, हे नमूद करतो. मग नजर टीव्हीकडे गेली. पुढची दहा मिनिटं त्या रिमोट घेऊन टीव्हीच्या पोटात शिरल्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा साताऱ्याहून खास आलेले माझे वडील म्हणाले, "अहो बाई, मळवला की तुम्ही टीव्ही!"

"काका, पंधरा दिवस कळ काढा. मग आधीचा तुम्हालाच निळा वाटेल."

"माझं डोळं काय दुसऱ्याचं हायत व्हय?"

वडील पुढं महिनाभर आमच्याकडे राहिले. त्यांनी हार कधीच मानली नाही. पण गावी परत गेल्यावर माझ्या काकांच्या घरून फोन करून मला हळूच म्हणाले, "यांचा टीव्ही निळा हाय रं. सांगू का यांस्नी?"

तर अशा या मॅडम. आकड्याशिवाय पान न हलणाऱ्या. आता त्यांचं एक गुपित सांगतो, जे गुपित नव्हतंच, आम्ही सगळे रोज बघत होतो.

बेडकानं मोजून झालं तरी काम संपायचं नाही. यंत्र मॉनिटरला कागदाच्या पांढऱ्याच्या जवळ आणून सोडतं. पण दोन वस्तूंचा आकडा एकच असला तरी डोळ्याला त्या केसभर वेगळ्या दिसू शकतात. म्हणून मॉनिटरशेजारी एक करडी पेटी होती, आत ठरावीक उजेडाचा दिवा. पेटीत कोरा कागद ठेवायचा, स्क्रीन पूर्ण पांढरी करायची, आणि दोन्ही पांढरे एक दिसेपर्यंत लाल, हिरवा, निळा किंचित वरखाली करायचा. हे शेवटचं केसभर काम मॅडम स्वतःच्या डोळ्यानं करायच्या. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. आणि त्यानंतर पुन्हा बेडूक लावायच्या नाहीत. डोळ्याला काही विचारायचं नाही हा नियम बाकीच्या सर्व डोळ्यांसाठी होता.

पुढे साधारण वर्षभरात आमच्या स्क्रीन छान दिसायला लागल्या. पिवळटपणा जाऊन थोडी टवटवी आली. आम्ही चहा पिताना म्हणायचो, मॅडम वयानं निवळल्या. नाडकर्णींना तर वाटलं त्यांनी दिलेल्या सूचनांचा परिणाम. एवढ्या मोठ्या विभागात एकालाही ही टवटवी शंकास्पद वाटली नाही, त्यात मी होतो.

मग बाळाच्या साबणाचं खोकं आलं. पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं, हसरं, तसल्या खोक्यावर असतं तेवढं गुटगुटीत बाळ. फोटो माझ्याकडे. टॉवेल मला स्क्रीनवर गार, निळसर वाटला, म्हणून मी त्यात पिवळा जरासा चढवला. काम नेहमीप्रमाणे कालच हवं होतं, म्हणून कागदावर नमुना न काढता क्लायंटच्या माणसानं आमच्याच स्क्रीनवर बघून होकार दिला. मॅडमनीही बघितलं. सही केली.

छापून आला तो टॉवेल हळदीत बुडवलेला होता. बाळालाही थोडी लागली होती. क्लायंटच्या बाईंचा फोन आला, "हे बाळ आजारी दिसतंय. कावीळ झालेल्या बाळावर आम्ही साबण विकायचा का?" सगळा लॉट परत.

आता अशा वेळी छापखान्यात एक जुनी व्यवस्था असते. चूक वरून खाली येते आणि जिथे उत्तर द्यायची सवय नसलेला माणूस भेटेल तिथे थांबते. ती मशीनवरच्या भोईरांपाशी थांबली. भोईर नावडे गावचे, बावीस वर्षं मशीनवर. नाडकर्णींनी जाहीर केलं की पिवळी शाई जास्त सोडली, चौरंगी मशीन काढून घेऊ, भोईरांना खोकी चिकटवायच्या विभागात टाकू. बावीस वर्षांच्या मशीनमनला खोकी चिकटवायला बसवणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. म्हणूनच कोणी काही बोललं नाही.

बोलल्या त्या मॅडम, आणि भोईरांविरुद्ध. मशीनजवळ, दहा माणसांसमोर, पिवळ्या टॉवेलचं खोकं हातात धरून. "भोईर, घरात कुणाची हळद होती का? उरलेली इथे वापरलीत?"

चार जण हसले. मीही हसलो. भोईरांचा चेहरा लाल झाला. आवाज मात्र चढला नाही. "मॅडम, मी शाईला हात नाय लावला. जेवढी सांगितली तेवढीच हाय. तुमीच बोलता ना, आकड्याला इचारायचं? मंग इचारा ना. मना नका इचारू."

मॅडमनी शाई मोजायचं यंत्र मागवलं आणि तिथेच छापील कागदावर ठेवलं. पिवळा बरोबर. दुसरा कागद, बरोबर. तळातला कागद, बरोबर. छपाईच्या प्लेट तपासल्या, बरोबर. मग त्या जिना चढून वर आल्या, माझी फाइल उघडली आणि टॉवेलवर बोट ठेवलं.

"हा पिवळा कुणी घातला?"

माझं हसू खाली मशीनपाशीच राहिलं होतं. "मॅडम, स्क्रीनवर टॉवेल निळा दिसत होता."

एखादा टोमणा आला असता तर मी वाचलो असतो. त्यांनी बेडूक काढला, माझ्या पांढऱ्या स्क्रीनवर लावला, मोजलं. आकडा हवा त्यापेक्षा दीड हजारानं वर. निळा. दुसरी स्क्रीन मोजली, तीही निळी. तिसरी, चौथी. चारही एकाच दिशेनं, जणू ठरवून.

"बेडूक म्हातारा झाला," त्या म्हणाल्या. अशा यंत्राच्या काचा जुन्या झाल्या की ती चुकतात, हे खरं असतं. त्यांनी पुरवठादाराकडून नवंकोरं यंत्र मागवलं. दुसऱ्या दिवशी ते आलं. त्यानं तोच आकडा सांगितला. म्हातारा बेडूक ठणठणीत होता.

दुपारी त्यांनी मला बोलावलं, आणि खालून भोईरांनाही. खोलीत अंधार केला. पेटीत कोरा कागद, शेजारी पांढरी स्क्रीन.

"कदम, दोन्ही सारखे दिसतात?"

"नाही मॅडम. स्क्रीन निळी आहे."

"भोईर?"

भोईर आधी मॅडमकडे, मग माझ्याकडे बघायला लागले. कालच्या प्रकारानंतर खरं बोलावं की नाही याचा अंदाज घेत असावेत. शेवटी म्हणाले, "निली हाय, मॅडम. चांगलीच निली हाय."

मॅडम वाकून बराच वेळ बघत राहिल्या. एकदा चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "मला सारखे दिसतायत."

दिवा लावायचं आमच्यापैकी कोणाला सुचेना.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळ्याचं भिंग हळूहळू पिवळं होत जातं आणि निळा अडवतं, स्क्रीनचा निळा तर जास्तच. ते इतक्या सावकाश होतं की ज्याचं त्याला कळत नाही. मॅडमना स्क्रीन कागदापेक्षा पिवळी दिसायची, म्हणून त्या दर पंधरा दिवसांनी प्रामाणिकपणे तिच्यात थोडा निळा घालत गेल्या.

हे आम्हाला कळलं ते त्यांनी सांगितल्यामुळे. न सांगता चाललं असतं. ऑपरेशनला आठवडाभर रजा, परत येऊन स्क्रीन गुपचूप सरळ, आणि भोईर खोकी चिकटवायला. नाडकर्णींनी त्यांना हेच सुचवलं, अर्थात मायेनं. "मॅडम, रिटायरमेंटला वर्ष राहिलंय. रेकॉर्ड कशाला खराब करता? भोईर काय, ॲडजस्ट होईल."

"नाडकर्णी, तुम्ही फार चांगले आहात," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला कधी कुणी मोजलं नाही म्हणून."

मग त्या खाली गेल्या आणि त्यांनी मशीन थांबवायला सांगितलं. आमच्याकडे मशीन दोनच कारणांनी थांबायचं, एक वीज गेल्यावर आणि दुसरं खंडेनवमीच्या पूजेला. ते बंद झाल्यावर जी शांतता झाली तिनं चिकटवायच्या विभागातली माणसंही बाहेर आली. मॅडमना बहुधा तेच हवं होतं.

"परवा मी इथे उभी राहून भोईरांना बोलले," त्या म्हणाल्या. "शाई बरोबर होती. स्क्रीन चूक होती, आणि ती मी चुकवली. वर्षभर चुकवत होते. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि मी एकदाही मोजून बघितलं नाही. सगळ्यांना मोजायला लावलं, स्वतःला नाही. भोईर, मी तुमची माफी मागते. परवा जेवढे हसले तेवढे सगळे आत्ता इथे आहेत ना? एक, दोन, तीन... कदम, मागे का लपताय? पुढे या."

पुढे गेलो.

भोईर अवघडून शाईच्या फडक्याला हात पुसत राहिले. त्यांना हे सगळं परवा झालेल्या अपमानापेक्षा जड जात होतं. "ऱ्हाऊ द्या ना मॅडम," ते म्हणाले. आणि मग काहीतरी बोललं पाहिजे म्हणून, "ऑपरेशन कवा हाय? डाक्टर बरा हाय ना? माज्या आयचा झाला ना, दोन दिवसांत कोलीम निवडाया बसली, तो बारीक सुका जवला."

"मी पण बसते," मॅडम म्हणाल्या. "पांढरा कोलीम वेगळा काढीन."

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे म्हटलं की हसावं की नाही हे कोणाला कळलं नाही. भोईरांनी मशीन चालू केलं.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं महिन्यानं होणार होतं. मधल्या काळात मॅडम कामावर आल्या आणि आम्हाला करमणुकीचा नवा विषय मिळाला. त्या भिंतीसमोर उभ्या राहायच्या आणि आळीपाळीनं एकेक डोळा झाकायच्या. उजवा, डावा. उजवा, डावा. नवीन डोळ्यानं भिंत निळसर पांढरी, जुन्यानं चहाच्या डागासारखी. एका माणसाला एकाच भिंतीचे दोन पांढरे दिसत होते, आणि ते माणूस गावडे मॅडम होतं. लोक डबा खाताना बघायला यायचे.

"कदम," एकदा त्यांनी डावा डोळा झाकून मला न्याहाळलं, "हा तुमचा शर्ट करडा नाही. फिका जांभळा आहे."

"मॅडम, तुम्हीच पास केला होता. सहा महिने घालतोय."

"घाला आता. मला कुठलं तोंड आहे."

बस, एवढंच. त्यांच्या तोंडून असं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी नियम केला की शेवटची केसभर जुळवणी यापुढे तीन जणांनी बघायची, त्यातला एक मशीनवरचा, आणि नंतर पुन्हा बेडूक लावायचा. भोईर वर यायला लागले. पहिल्या दिवशी ते चपला दाराबाहेर काढून आले. मॅडम म्हणाल्या, "देऊळ नाही हे. नाडकर्णींची केबिन पण इथेच आहे."

वर्षानं त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात नाडकर्णींनी भाषण केलं, त्यात "मॅडमनी आमच्या जीवनात रंग भरले" हे वाक्य येणार याची आम्हाला खात्री होती आणि ते दोनदा आलं. मॅडमनी उत्तरादाखल सगळ्यांना दर दोन वर्षांनी डोळे तपासायला सांगितलं आणि वडा खाऊन निघून गेल्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. मुलीला फ्लेमिंगो दाखवायला रविवारी सकाळी सीवूड्सच्या बाजूला खाडीकडे गेलो होतो. ओहोटी होती. चिखलात लांबपर्यंत पक्षी उभे होते, शेकड्यांनी. कठड्यापाशी मोठ्या लेन्स लावलेली मंडळी ओळीनं उभी, आणि त्यांच्या टोकाला एकट्या गावडे मॅडम. पायात चालायचे बूट, डोळ्यांवर चष्मा नाही. साडी मोरपंखी होती. मी आधी ओळखलंच नाही.

पक्ष्यांचा एक थवा उठला. पंख उघडले की त्यांच्या आतला गुलाबी रंग दिसतो, तो दिसला. शेजारच्या कॅमेरावाल्यानं धडाधड फोटो काढले, मग आजीबाईंना एवढ्या लांबून नीट दिसलं नसेल, असं वाटून त्यानं अदबीनं कॅमेऱ्याची मागची स्क्रीन त्यांच्यापुढे धरली.

"मावशी, बघा, काय कलर आलाय!"

मॅडमनी मान वळवली नाही. थवा वळसा घालून पुन्हा आमच्या बाजूला येत होता.

"थांब रे," त्या म्हणाल्या, "बघू दे."